डाव्या हाताची मोटर

“मॅडम, घ्यायचीच तर दहा हॉर्सपॉवरची घ्या. बोट नुसती उडेल!” दुकानदाराने सर्वांत मोठ्या मोटरवर थाप मारली.

“उडवायची नाही हो, घरी आणायचीय,” म्हणत सिस्टरांनी पर्समधून चिठ्ठी काढली.

चौतीस वर्षं वॉर्ड सांभाळून निवृत्त झाल्या, तरी सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. चिठ्ठीवर सोळा फुटी शिडाच्या बोटीची मापं होती. मागची फळी पाण्यापासून बरीच उंच. आखूड दांड्याची मोटर लावली तर लाटेवर बोटीने नाक खुपसताच पंखा हवेत फिरणार. जड लावली तर बूड बसणार.

“लांब दांड्याची, अडीचची दाखवा. आणि चालू करायची दोरी यांना ओढू द्या.”

‘हे’ कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. शाळेत चित्रकला शिकवलेले मास्तर. वर्षापूर्वी झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. तरी शीड त्यांनी सोडलं नव्हतं. पण गेल्या महिन्यात खाडीच्या तोंडाशी वारा पडला, ओहोटी लागली, आणि एका हाताने वल्ही मारता मारता बोट जागच्या जागी गरगरत राहिली. शेवटी मासेमारीच्या लाँचने दोघांना ओढून आणलं. त्यानंतर मास्तर धक्क्याकडे फिरकले नाहीत. त्यांच्या धाकट्या भावाने बोटीला परस्पर गिऱ्हाईकही बघितलं. ते रविवारी बोट बघायला येणार होतं.

“शिडाच्या बोटीला मोटर?” मास्तर पुटपुटले. “लोक हसतील.”

“त्या दिवशी लाँचमागे फरफटत आलो, तेव्हा काय टाळ्या वाजवत होते?”

मास्तरांनी नाइलाजाने डावा हात पुढे केला. पहिल्या मोटरची दोरी अर्ध्यातच अडली. दुसरीने खांद्याला हिसका दिला. तिसरीची सरसर बाहेर आली. त्यांनी ती पुन्हा ओढून बघितली, कुणी सांगितलं नसताना. सिस्टरांनी तीच बांधायला सांगितली.

शनिवारी त्या ड्रिल घेऊन बोटीत बसल्या. शेजारचा सुतार म्हणाला, “सगळे सुकाणूच्या डावीकडे बसवतात.”

“सगळ्यांचा उजवा हात चालतो. हे उजव्या बाकावर बसले की डावा हात मागे येतो. मोटर तिथंच हवी.”

फळीच्या आतून-बाहेरून जाड प्लायवूडचे तुकडे लावून त्यांनी भोकं पाडली, पाणी शिरू नये म्हणून त्यांत लांबीचा लगदा भरला, बोल्ट आवळले. मोटर निसटलीच तर बुडू नये म्हणून तिला दोरही बांधला. ऑपरेशननंतर पट्टी तपासावी तसा प्रत्येक बोल्ट दोनदा तपासला.

रविवारी सकाळी मास्तरांना त्यांनी जवळजवळ ढकलतच बोटीत बसवलं. जाताना शीड छान भरलं. परतताना नेमका वारा पडला, ओहोटी लागली. तेच खाडीचं तोंड. धक्क्यावर दीर आणि गिऱ्हाईक उभे दिसत होते.

मास्तरांनी दोरी ओढली. मोटर खोकली आणि गप्प झाली. पुन्हा ओढली. पुन्हा गप्प. बोट समुद्राकडे सरकू लागली.

“तू ओढ,” ते म्हणाले.

सिस्टरांचे हात शिवशिवत होते. त्यांनी ते मांड्यांखाली दाबले. “चोक बाहेर ओढायचा राहिलाय.”

चोक ओढला. मास्तरांनी पाय रोवले, दात आवळले, हिसका दिला. मोटर धडधडली! पंख्याने पाणी धरलं, बोट क्षणभर थरथरली आणि ओहोटीच्या उलट निघाली. पावलापावलाने, पण निघाली. लाटेवर नाक खाली गेलं तरी पंखा पाण्यातच राहिला.

“अगं, चालली की!” मास्तर ओरडले. वर्षभरात एवढ्या मोठ्याने ते बोललेच नव्हते. सिस्टर हसता हसता डोळे पुसत होत्या.

धक्क्याला लागताच दीर म्हणाला, “दादा, हे बोट बघायला आलेत.”

“बघू दे की. बघायला कोण नको म्हणतंय? विकायची नाही.”

मग मास्तरांनी बोट बांधायचा दोर उचलला. दीर मदतीला पुढे झाला, तशी सिस्टरांनी त्याची बाही धरली. “थांबा भावोजी.”

बोटीकडचा दोर मास्तरांनी दातात धरला, मोकळं टोक डाव्या हाताने खुंटाभोवती फिरवलं. गाठ दोनदा सुटली. गिऱ्हाईकाने घड्याळ बघितलं. तिसऱ्यांदा गाठ बसली. मास्तरांनी ती ओढून पाहिली, आणखी एकदा ओढून पाहिली, आणि मगच मान वर केली.