दोऱ्यांचा निकाल येण्याआधी

भडक्याच्या नाकावर राग कायमचा बसलेला. त्यात शेडमधल्या डुकरिणी खोकायला लागल्या, खाणं टाकून आडव्या झाल्या, तशी त्याने डोक्यात राख घालून घेतली. कुंपणापलीकडे धाकट्या बहिणीचं आणि मेहुण्याचं शेड. मेहुण्याने बाजारातून नवा नर आणलेला. झालं! ताप त्यानेच आणला.

जनावरांच्या डॉक्टरांनी दोन्ही शेडमध्ये सुती दोऱ्या टांगल्या होत्या. डुकरं त्या चघळतात, मग दोरी पिळून लाळ तपासायला पाठवायची. "निकाल येईपर्यंत दम धर," असं ते बजावून गेले होते. पण दम धरेल तो भडक्या कसला!

भरदुपारी घण उचलून त्याने कुंपण ओलांडलं. पहिला घाव नराच्या कपाळावर बसला. नर किंचाळत भिंतीवर आदळला आणि रक्ताळलेल्या तोंडाने पुन्हा उठला. दुसऱ्या घावाला कवटी फुटली. बाकीची डुकरं एकमेकांच्या अंगावर चढून केकाटत होती.

मेहुण्याने धावत येऊन घणाचा दांडा धरला. "दादा, डोकं फिरलं का तुमचं?"

"तुझ्या घाणीने माझी जनावरं मरतायत!"

भडक्याने हिसका देऊन घण फिरवला. मेहुण्याचं कोपर फुटलं, हाड सदऱ्यातून बाहेर आलं. बहीण दारात उभी होती. जगात तिच्याशिवाय भडक्याला कुणी नव्हतं, तिच्यावर त्याचा जीव होता. तरी घण त्याने खाली ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. "दोन्हीकडे फ्लू निघाला. आसपासच्या शेडांतही. अरे, डुकरांत हा आपल्या सर्दीसारखा, बहुतेक ठिकाणी सापडतोच. नर यायच्या आधीच तुझ्याकडे असेल. आठवडाभरात उठतील."

काही डुकरिणी तर उठल्याही होत्या. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे तर चोरच नव्हता.

तो धावत बहिणीकडे गेला. ती फावड्याने फरशीवरचं रक्त खरवडत होती. मेहुणा दवाखान्यात होता, हात कोपरापासून कापला होता.

"अगं, हा ताप सगळ्यांकडेच असतो म्हणे. कुणाचीच चूक नव्हती."

तिने फावडं उचलून सगळ्या ताकदीनिशी त्याच्या तोंडावर हाणलं. तो कोसळला. दात जिभेवर आले. त्याने हात वर केला नाही.

"ताप सगळ्यांकडे होता, दादा," ती धापा टाकत म्हणाली. "घण तुझ्या एकट्याच्या हातात होता. ऊठ, चालता हो. मला भाऊ नाही."

तो रांगतच कुंपणापर्यंत गेला.