दोरीएवढा देवमासा

मित्रांनो, मी एक जुनी सुती दोरी आहे. दाराआडच्या खुंटीवर माझे वेटोळे टांगलेले असते. पाहणाऱ्याला वाटते, कपडे वाळत घालायची असेल. आणि तेही खोटे नाही. पण माझ्या अंगावर चार ठिकाणी लाल दोरा गुंडाळलेला आहे. जबडा, डोळा, पर आणि शेपूट. मी चांगल्या वाढलेल्या निळ्या देवमाशाएवढी आहे.

माझा जन्म एका दोरवाल्याच्या लांबलचक पडवीत झाला. सूत पिळत तो उलट्या पावलांनी मागे चालत जाई. तो जेवढा चाले, तेवढी मी वाढे. तिथून मी एका घराच्या गच्चीवर आले. तिथे खांबाखांबांमधून येरझाऱ्या घालत मी बांधली गेले. ओल्या चादरींचा भार आणि बाळाच्या दुपट्यांचा वास, यांत माझे दिवस मजेत चालले होते.

त्या घरची सून लेखिका होती. तरुणपणी एकदा बोटीवरून तिने देवमासा पाहिला होता. पाहिला म्हणजे काय, तर पाण्यावर आलेली थोडीशी पाठ आणि उंच उडालेला श्वास. उरलेला देवमासा पाण्याखालीच राहिला, आणि तो काही केल्या तिच्या मनातून जाईना. मग तिने ग्रंथालये पालथी घातली, खलाशांना बोलते केले, आणि अनेक वर्षे खपून एक जाडजूड पुस्तक लिहिले. प्रकाशकाने ते दोनदा परत पाठवले.

“बाई, समुद्र कुठे, आपण कुठे! पंचवीस मीटर म्हटल्यावर वाचकाच्या डोळ्यांपुढे काय उभं राहणार? नुसता आकडा!”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चादरी उतरवल्या, मला खांबांवरून सोडून पंचवीस मीटर मोजले आणि चार ठिकाणी लाल दोरा गुंडाळला.

“अगं, मग धुणं काय तुझ्या माशाच्या शेपटीवर वाळत घालू?” सासूबाई कडाडल्या.

“मासा नाही हो आई. पिलांना दूध पाजणारा प्राणी आहे तो.”

“पाजू दे खुशाल. माझी दोरी संध्याकाळी घरी आली पाहिजे. नाहीतर थांब, मीच येते बरोबर. तुझा काही भरवसा नाही.”

प्रकाशकाची कचेरी पहिल्या मजल्यावर होती. लेखिकेने माझे जबड्याचे टोक त्याच्या हातात दिले. “एवढं धरून बसा,” म्हणाली आणि दुसरे टोक घेऊन निघाली. मुद्रितशोधकांच्या टेबलांमधून, जिन्यावरून, खालच्या शिंप्याच्या दारावरून मी उलगडत गेले. खाली पोहोचल्यावर तिने शेपूट सासूबाईंच्या हाती दिले. त्या रस्ता ओलांडून पलीकडच्या पदपथावर जाऊन उभ्या राहिल्या.

एका सायकलवाल्याने करकचून ब्रेक दाबला. “काय चाललंय काय?”

“देवमासा जातोय,” शिंपी गंभीरपणे म्हणाला. “जाऊ द्या जरा.”

तेवढ्यात सासूबाईंनी मला एक हिसका दिला. वर खुर्चीत बसलेल्या प्रकाशकाच्या मुठीला तो जाणवला. तो दचकून उठला आणि मला चाचपत चालू लागला. खोली संपली, मी संपले नाही. जिना संपला, तरी मी होतेच. रस्त्यापलीकडे पोहोचला तेव्हा तो लहान मुलासारखा हसत होता.

“आजी, हे काय?”

“शेपूट. धरता का? माझा हात भरून आलाय.”

त्याने शेपूट धरले, वळून आपल्या कचेरीच्या खिडकीकडे पाहिले आणि म्हणाला, “बाई, छापू या. पण दोरी गावोगाव हिंडली पाहिजे!”

सासूबाईंनी घरासाठी नवी दोरी घेतली आणि मी हिंडले. लेखिकेने पुढे देवमाशांच्या गाण्यांवर लिहिले, त्यांच्या प्रवासांवर लिहिले. प्रत्येक पुस्तकागणिक मी नव्या शाळांच्या अंगणांत उलगडले. मुले दोन्ही बाजूंनी मला धरून चालत, आणि देवमासा पोहू लागे. शेपटीशी मात्र सासूबाईच. “ही माझी दोरी आहे, हिला दिलीय नुसती,” असे त्या सगळ्यांना बजावून सांगत.

मग सासूबाई गेल्या. सभागृहांत चित्रे दाखवणारे पडदे आले, देवमासा एका भिंतीवर मावू लागला. घराच्या रंगकामात कोणीतरी मला गाद्यांच्या वळकटीला बांधले आणि तशीच माळ्यावर टाकली. तिथे मी बरीच वर्षे काढली.

एकदा लेखिकेची सून गाद्या काढायला माळ्यावर चढली. तिच्या बोटांना लाल दोरा लागला. “अहो आई, ही तीच का हो?” तिने मला उन्हात घातले, झटकले. आता शाळांत तीच बोलते. आमच्या लेखिकाबाईंचे गुडघे दुखतात. पण अंगणात पोहोचलो की सून म्हणते, “आई, शेपूट तुमच्याकडे,” आणि पिकल्या केसांच्या बाई तुरुतुरु चालत अंगणाच्या पार टोकाला जातात. जबडा धरलेल्या मुलाला हिसका देण्याचे काम त्या कोणालाही करू देत नाहीत.

मित्रांनो, एखादी गोष्ट एका नजरेत मावली नाही, तर तिला नुसता आकडा म्हणून सोडू नका. तिचे एक टोक धरा आणि चालत जा. आणि तुमच्या शाळेत मी आलेच, तर एक कृपा करा. माझ्या शेपटीचे पीळ आता सुटू लागले आहेत. जाण्याआधी तिथे एक घट्ट गाठ मारून द्या. नाहीतर देवमासा दर वर्षी बोटभर आखूड होत जाईल.