रस्त्याचं गोल टोक

मी भांडकुदळ आहे असं आमच्या ऑफिसात सगळे म्हणतात. ते खरं नाही. माझं काम बरोबर आहे हे मला माहीत असतं आणि समोरच्याला माहीत नसतं, एवढंच.

त्या दिवशी समोर झुंबरबाई बसल्या होत्या. लोहगडवाडीत गडाची वाट सुरू होते तिथं त्यांची पिठलं-भाकरीची टपरी आहे. हातात नोटीस होती. रस्त्याच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना बारा मीटरच्या आतल्या टपऱ्या हटवायच्या, असं तीत लिहिलेलं. कोणत्या टपऱ्या आत येतात ते वडगावातल्या आमच्या नकाशांच्या ऑफिसात ठरतं. म्हणजे मीच ठरवते.

"ताई, माजं नाव चुकून आलंया," त्या म्हणाल्या.

"चुकून येत नाही, मावशी. कॉम्प्युटर काढतो."

मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. नकाशात रस्ता म्हणजे नुसती एक रेघ. तिला बारा मीटरचा आकडा दिला की सॉफ्टवेअर तिच्याभोवती निळा पट्टा काढतं. त्याला आम्ही बफर म्हणतो. पट्ट्यात आली ती टपरी यादीत जाते. एका बटणात अख्खा तालुका होतो, हे मी जरा मिरवतच सांगितलं.

झुंबरबाईंनी चष्मा चढवला. "रस्ता कुटं संपतो ह्यात?"

मी बोट ठेवलं.

"आन माजी टपरी?"

टपरी रेघेच्या टोकापासून सहा मीटर पुढे होती.

"मग ह्ये म्होरलं गोल कशाचं?"

पट्ट्याच्या टोकाला अर्धी भाकरी चिकटवल्यासारखा गोल होता. टपरी नेमकी त्या भाकरीत बसलेली.

"ते सॉफ्टवेअर आपोआप काढतं."

"का?"

चार वर्षं मी ते बटण दाबते आहे. का, असं मला कुणी विचारलं नव्हतं. मी तरी कुठे विचारलं होतं?

"रेघेपासून बारा मीटरच्या आतलं सगळं घेतं ते. टोकाच्या पुढचंही."

"पर कागदावर दोन्ही बाजू लिवल्यात. नातीनं तीनदा वाचून दावलं. डावी एक, उजवी एक. मी ना डावीकडं, ना उजवीकडं. रस्ता थांबतो, तितनं म्होरं मी हाय. माज्या म्होरं गाडी जात न्हाई, माणूस जातो. त्यो बी धापा टाकीत."

मला राग आला, कारण त्या बरोबर बोलत होत्या.

सेटिंग उघडलं. टोक गोल हवं की सपाट, असं तिथं विचारलेलं होतं, आणि गोल आधीपासूनच निवडलेलं होतं. मी सपाट केलं. पट्टा रस्त्याबरोबरच थांबला. टपरी बाहेर राहिली.

झुंबरबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि त्याच पदरानं माझी स्क्रीनही पुसली. धूळ होतीच.

"सतरा वर्सं बसती मी तितं," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात आमचे साहेब, चिंतामणी सर, आले. पक्की यादी चार वाजता जायची होती.

"एक नाव काढायचंय, सर."

"आता? चूक कुणाची?"

'सॉफ्टवेअरची' हा शब्द अगदी जिभेवर आला होता. झुंबरबाई चष्म्यातून माझ्याकडे बघत होत्या.

"माझी," मी म्हणाले.

पलीकडच्या टेबलावर माझा सहकारी सुरज बसतो, त्याचा चहाचा कप हवेतच राहिला. सर घड्याळ बघत केबिनमध्ये गेले.

झुंबरबाई पिशवी उचलून निघाल्या आणि दारात थांबल्या. "ताई, रस्ते सगळीकडंच संपत असतील न्हाई कुटं ना कुटं? तितं बी कुणीतरी बसलेलं असंल."

मला लाज वाटली. माझी यादी दुरुस्त झाली म्हणून मी खूश होते, आणि हे त्यांना सुचवावं लागलं.

तालुक्याचा नकाशा उघडला. अठ्ठावन्न रस्ते, आणि सगळ्यांची टोकं गोल. सपाट करायला एकच बटण, पण मग प्रत्येक टोक डोळ्यांनी तपासायला हवं. बटणावर विश्वास ठेवून काय होतं ते नुकतंच कळलं होतं. साडेतीन वाजले होते.

मी सरांच्या केबिनचं दार ढकललं.

"सर, यादी आज जाणार नाही," मी म्हणाले, आणि भांडायची पूर्ण तयारी ठेवून खुर्ची ओढली.