प्ले दाबायच्या आधी

आमच्या श्रोतृमंडळाने निवडक मैफलींची डीव्हीडी काढायचा ठराव २००९ साली मंजूर केला आणि यंदा अमलात आणला. मधल्या काळात जगातून डीव्हीडी जवळजवळ नाहीशी झाली, हे कार्यकारिणीच्या कानावर घालायचा मी प्रयत्न केला. अध्यक्ष रत्नप्रभाताई म्हणाल्या, ठराव डीव्हीडीचा आहे. विषय संपला. पार्ल्यात बिल्डिंगा पडून टॉवर होतात, माणसं मुलांकडे पुण्याला जातात, ठराव जागचा हलत नाही.

काम माझ्याकडे आलं, कारण डीव्हीडी बर्न करणारा जुना कॉम्प्युटर माझ्याकडे आहे आणि एक्कावन्न वर्षांचा असल्यामुळे मी मंडळातला तरुण सभासद समजला जातो. एरवी मी जाहिरात कंपनीत छताच्या पंख्यांबद्दल लिहितो. एडिटिंगची हौस आहे. ही हौस आहे असं एकदा चारचौघांत बोलून बसलो, त्याची ही शिक्षा.

मंडळाने मला सात व्हीएचएस कॅसेटी दिल्या. सगळं चित्रीकरण दत्तारामचं. दत्ताराम हा घाटकोपरचा, लग्नांचा व्हिडिओवाला. रत्नप्रभाताईंच्या भाचीच्या लग्नात त्याने सुंदर काम केलं होतं, म्हणून मंडळाने त्याला बोलावलं, आणि त्याने मैफलीचं लग्न केलं. लग्नात खरा माल मुहूर्ताच्या आधी असतो, हे त्याला पक्कं ठाऊक. तो तासभर आधी यायचा. रिकामं स्टेज, झेंडूच्या माळा, माइक, तानपुरे जुळवणं, सगळं निगुतीने टिपायचा. गायकाने सा लावला की अक्षता पडल्या असं समजून कॅमेरा पाहुण्यांकडे वळवायचा. नागपूरच्या एका बुवांचा द्रुत ख्याल रंगात आलाय आणि पडद्यावर आमचे तेव्हाचे खजिनदार बटाटेवडा खातायत, असं दृश्य पूर्ण चार मिनिटं आहे. वडा संपतो, कॅसेटही संपते.

थोडक्यात, सात मैफलींपैकी एकही धड नव्हती, आणि तानपुरे जुळवण्याचे सातही प्रसंग संपूर्ण होते.

पहिली जोडणी कार्यकारिणीला दाखवली तेव्हा रत्नप्रभाताईंनी जुळवाजुळव सगळी कापायला सांगितली. लोकांना वाटेल मशीन बिघडलंय, म्हणाल्या. मोकळ्या झालेल्या जागेत तीन माजी अध्यक्षांची भाषणं विनाकाटछाट घ्यायचं ठरलं. विरोध एकाच सभासदाने केला. श्यामकांत परचुरे, वय शहात्तर, महापालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त. तीस वर्षांत श्यामकांतकाकांनी कशालाही विरोध केल्याची इतिवृत्तात नोंद नाही. ते उठून म्हणाले, जुळवण्याला शैक्षणिक मूल्य आहे. सगळे त्यांच्याकडे पाहत राहिले, कारण काकांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही आणि हे ते स्वतःच सांगतात. मंडळात त्यांच्याकडे चहाचं खातं आहे. ठराव सहा विरुद्ध एकने मंजूर झाला. काका उठून चहा बघायला गेले.

खरं कारण तिथल्या सहाही जणांना माहीत होतं. त्या सातही कॅसेटींमध्ये तानपुऱ्यावर वसुधाकाकू आहेत. काकांची बायको. त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

तानपुरा वाजवणाऱ्याला नाव नसतं. पत्रिकेवर गायक ठळक अक्षरात, तबला आणि पेटी बारीक अक्षरात, त्याखाली थेट ‘वेळेवर उपस्थित राहावे’. बाहेरगावचे गायक शिष्यांना बरोबर आणत नसत, मग वसुधाकाकू मागे बसायच्या. अशा बावीस वर्षं बसल्या. आभारप्रदर्शनात त्या ‘ज्ञात-अज्ञात हितचिंतक’ यात मोडायच्या. काका त्यांना स्कूटरवरून आणत. पुढे काका, मागे काकू, आणि काकूंच्या खांद्याला टेकून आभाळात गेलेला तानपुरा. हनुमान रोडवर रिक्षावाले या वाहनाला वाट द्यायचे. हॉलपाशी काकू आत जायच्या आणि काका कार्यक्रम संपेपर्यंत बाहेर चहाच्या पातेल्याजवळ उभे राहायचे.

ठरावानंतरच्या रविवारी दुपारी काका माझ्या घरी आले. हातात खारीचा पुडा. समितीतर्फे कामाची पाहणी करायला आलोय, म्हणाले. अशी समिती नव्हती. मी स्टूल दिलं. पुढचे तीन रविवार त्यांनी माझ्या खांद्यामागून पाहणी केली.

मैफलीत काकू दिसणं अवघड होतं. त्या गायकाच्या मागे, आणि गायक प्रशस्त. नागपूरचे बुवा तार सप्तकात गेले की डावीकडे झुकायचे, तेवढ्यापुरत्या काकू दिसायच्या. अर्धा चेहरा, चष्म्याची एक काच, तारेवरची बोटं. बुवा सरळ झाले की गायब. बुवांनी आणखी वर जावं असं काकांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं. एकदा बुवा बराच वेळ खर्जात राहिले तर काका पुटपुटले, हा माणूस आळशी आहे.

मग मी त्यांना कापलेला भाग दाखवला. गायक अजून आलेला नाही. मोकळं स्टेज, सतरंजी, आणि एकट्या काकू तानपुऱ्याला कान लावून खुंटी पिळतायत. काका स्टुलावरून पुढे सरकले.

“काय करतेय ही?”

“जुळवतायत. पहिली तार उतरलीय, ती वर घेतायत.”

“एवढा वेळ?”

“दहा-पंधरा मिनिटं तरी लागतात, काका.”

“मला वाटायचं, आत गेल्या गेल्या सुरू होत असेल,” काका म्हणाले.

चौथ्या कॅसेटीला माझ्या एक गोष्ट लक्षात आली. तार जुळली की काकू कान वर घेतात, आणि मान वळवून प्रेक्षकांच्या उजव्या हाताला बघतात. दोन-तीन सेकंद. मग खाली मान घालून पुढची तार. मी उरलेल्या कॅसेटी लावून पाहिल्या. सातही वेळा तेच. साडी बदलते, केस पिकतात, चष्मा येतो, बघणं तेवढंच. उजव्या हाताला हॉलचं दार आहे. मी सहज विचारलं, दारात कोण असायचं? व्यवस्थापक वगैरे?

काकांनी खारीचा पुडा उघडला आणि पुन्हा बंद केला.

“कोणी नसायचं,” ते म्हणाले. मग म्हणाले, “मी तिला गेटपाशी सोडायचो ना. सांगायचो, तू हो पुढे, स्कूटर लावून आलोच.”

“दर वेळी?”

“स्कूटर काय रे, लगेच लागायची.”

तेवढा तुकडा पेनड्राइव्हवर टाकून देतो, मी म्हटलं, घरी टीव्हीवर बघता येईल. काकांनी मान हलवली.

“घरी नको. घरी ती आहेच, डब्यांवर तिच्या अक्षरातली लेबलं आहेत. मला तिला तिथे बघायचंय. हॉलमध्ये. सगळ्यांच्या देखत.” मग पडद्याकडे बोट दाखवून, “पण हे राहणार नाही ना यात?”

“ठराव आहे, काका.”

“हो. इतिवृत्तावर माझीही सही आहे,” ते म्हणाले आणि चपला घालू लागले.

डीव्हीडीत शेवटचं काम मेन्यूचं असतं. तबकडी घातल्यावर आधी येतो तो पडदा, ज्यावर मैफलींची यादी असते आणि खाली प्ले. कोणी काही दाबेपर्यंत मागे एक छोटं दृश्य फिरत राहतं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. सॉफ्टवेअरने मला तयार दृश्यं सुचवली. फुगे, बदामाच्या आकाराचे ढग, कारंजं. कोणती तरी निवडा, अशी अट होती.

मी ठराव काढून वाचला. ‘मैफलींच्या चित्रीकरणातून वाद्ये जुळवण्याचा भाग वगळावा.’ मेन्यू ही मैफल नव्हे. कार्यकारिणीला विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं, म्हणून विचारलं नाही. पाचव्या कॅसेटीतला अठ्ठावीस सेकंदांचा तुकडा घेतला. तार किंचित उतरलेली, काकू खुंटी पिळतात, तार सुरात येते, त्या कान वर घेतात, दाराकडे बघतात. मग दृश्य पहिल्यावर जातं आणि जुळलेली तार पुन्हा उतरते. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात लिहिलं, ‘तानपुरा: वसुधा परचुरे’. टाइप जरा मोठा झाला. कमी केला नाही.

प्रकाशन रविवारी सकाळी दहाला, त्याच शाळेच्या हॉलमध्ये. पन्नास वर्षांत स्टेज हललेलं नाही, दारही नाही. पडदा स्टेजवर लावला. प्रमुख पाहुणे मुलुंडहून आलेले एक निवृत्त प्राचार्य. त्यांनी तबकडीवरची लाल रिबन सोडवली, मी ती प्लेअरमध्ये घातली, मेन्यू आला. काकूंनी खुंटीला हात घातला. प्राचार्यांनी रिमोट पडद्याकडे धरून प्ले दाबलं. काही झालं नाही. त्यांनी तो प्लेअरकडे धरला, मग माझ्याकडे, मग छताच्या पंख्याकडे. रत्नप्रभाताई खुर्चीतूनच त्यांना कोणतं बटण ते सांगत होत्या.

तेवढ्यात हॉल गप्प झाला. कोणी सांगितलं नव्हतं. तानपुरा ऐकू आला की बोलणं थांबवायचं, ही पार्लेकरांची सवय आहे, बाकी कशानेही ते थांबत नाहीत. तिसऱ्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, अगं, ही तर वसुधा.

आवाज बाहेर गेला असणार. चौथ्या फेरीला श्यामकांतकाका दारात दिसले, हातात चहाचं गाळणं. पडद्यावर तार सुरात आली. काकूंनी कान वर घेतला आणि मान वळवून उजव्या हाताला बघितलं. काका तिथेच उभे होते. फेरी संपली, पुन्हा सुरू झाली. पुन्हा काकूंनी बघितलं. काका दोन फेऱ्या हलले नाहीत. मग गाळणं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, रुमालाने हात पुसले, आत आले आणि दाराजवळच्या पहिल्या रिकाम्या खुर्चीत बसले. उशिरा आलेला माणूस बसतो तसे, अंग चोरून.

रत्नप्रभाताई उठून माझ्याजवळ आल्या. आवाज हलका ठेवून म्हणाल्या, “मुकुल, हे आपण काढायला सांगितलं होतं.”

“मैफलीतून काढलंय, ताई.”

“मग सुरू कधी होणार?”

“रिमोटमध्ये सेल नाहीत बहुतेक. बघतो.”

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. माझ्या शर्टच्या खिशाकडेही पाहिलं, त्यात दोन सेल होते आणि शर्ट पांढरा होता.

“पाच मिनिटं,” त्या म्हणाल्या. “मग माझं भाषण आहे.” आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या.

अठ्ठावीस सेकंदांच्या मानाने पाच मिनिटांत दहा फेऱ्या पुऱ्या होतात आणि अकरावी अर्धवट राहते. ती मी पूर्ण होऊ दिली. अध्यक्षांच्या आज्ञेचा भंग झाला, आठ सेकंदांचा. काकूंनी पुन्हा दाराकडे पाहिलं. दारात आता कोणी नव्हतं. बाहेर चहा उतू जात होता.