दोन वल्ह्यांची होडी

थोरल्या बहिणीला पहिला मुलगा झाला आणि त्याला आमच्या भाऊचं नाव ठेवलं, त्या वर्षीची ही गोष्ट. बाप्तिस्म्याचा रविवार होता. पाळकांनी बाळाच्या कपाळावर पाणी घातलं, नाव मोठ्याने उच्चारलं, तशी बाळाने भोकाड पसरलं. बहीण त्याला घेऊन अंगणात गेली. मग प्रभुभोजनाचं, पावाच्या तुकड्यांचं ताट रांगांतून फिरू लागलं.

आमच्या लहानशा मंडळीत एक रीत होती. ज्याच्या मनात कुणाबद्दल अढी असेल, त्याने पावाचा तुकडा उचलायचा नाही, ताट तसंच शेजाऱ्याकडे द्यायचं. का म्हणून कोणी विचारत नसे. भाऊ नदीत बुडाल्यापासून आई आणि बाबा दोघंही ताट पुढे देत होते.

त्या दिवशी बाबांनी ताट हातात घेतलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मग ते माझ्या मांडीवर ठेवून उठले आणि दारातून बाहेर पडले.

आईने मान वळवली नाही. "कुठं चालले गं हे?" ती ओठातल्या ओठात म्हणाली.

"मला काय माहीत."

"चपला घातल्या का बघ. घातल्या असतील तर लांब गेले."

चपला दाराशीच होत्या. पाळकांनी परिस्थिती ओळखली आणि एका गाण्याची कडवी पुन्हा पुन्हा म्हणायला लावली. बाबा परत आले तेव्हा त्यांच्या नडग्या चिखलाने भरल्या होत्या. ते बसले, माझ्या मांडीवरच्या ताटातून पावाचा तुकडा उचलला आणि तोंडात घातला.

"कुठं गेला होतात?" आईने विचारलं.

"नदीवर. लंब्याला सांगून आलो, उद्यापासून माझ्या होडीवर ये म्हणून."

आईने ताट माझ्याकडून घेतलं आणि पलीकडच्या बाईच्या हातात दिलं.

बाबा नावाडी होते. लंब्याही नावाडीच. धक्क्यावर या दोघांच्याच होड्या होत्या. होडीच्या तळाला एक भोक असतं. संध्याकाळी होडी काठावर ओढली की त्यातलं लाकडी बूच काढायचं, म्हणजे साचलेलं पाणी निघून जातं. सकाळी होडी लोटण्याआधी बूच पुन्हा घट्ट बसवायचं. एका सकाळी भाऊ लंब्याच्या होडीत होता आणि लंब्याला घाई होती. त्याने बूच न लावताच पोती भरायला घेतली. भोक पोत्यांखाली झाकलं गेलं. नदीच्या मधोमध गेल्यावर पाणी दिसलं, तोवर होडी कलंडली होती. बाकीच्यांना लंब्याने बाहेर काढलं. भाऊ पोत्यांखाली सापडला.

त्यानंतर लंब्याच्या होडीत कोणी बसेना. मग होडीही गेली. तो धक्क्यापासून लांब एका दगडावर बसून असायचा. कोणी दिलं तर खायचा.

बाप्तिस्म्याहून घरी आल्यावर आईने चुलीवर भांडं चढवलं आणि बाबांकडे पाठ करूनच बोलली.

"माफ करा. मी नको म्हणत नाही. पण मनातल्या मनात करा की. होडीत कशाला बसवायचा?"

"मनातल्या मनात जमलं नाही गं. करून बघितलं."

"आज त्या लेकराचं नाव ऐकून तुम्हाला लंब्या आठवला? मला माझा पोरगा आठवला."

"मलाही तोच आठवला." बाबा खाली बघत म्हणाले. "आणि वाटलं, आता हेही पोर मोठं होणार, मला विचारणार, आजोबा, तुम्ही ताट पुढं का देता."

"शिष्य व्हायची हौस तुमची, आणि क्रूस माझ्या खांद्यावर."

आई वळली. "प्रभूसाठी जे सोडाल त्याच्या शंभरपट मिळेल, असं सांगतात ना पाळक? मला शंभर नकोत. माझा एक होता, तेवढा आणून द्या." मग तिने पदराने हात पुसले. "त्या होडीत मी पाय ठेवणार नाही. मेले तरी."

आईचा शब्द म्हणजे शब्द. भाऊची कबर नदीपलीकडे होती. आमच्या मंडळीची दफनभूमीच तिकडे. होडीने गेलं तर थोडकीच वाट. आई मात्र वरच्या अंगाला असलेल्या बांधापर्यंत चालत जायची, बांध ओलांडायची आणि पलीकडच्या काठाने तेवढंच खाली उतरायची. दर वर्षी भाऊ गेल्याच्या दिवशी ती अंधारातच निघे. बाबा होडीने जाऊन कबरीजवळ तिची वाट बघत बसत. ती धुळीने माखून पोचली की ते तांब्या पुढे करत. ती पाणी पिई. दोघं शेजारी बसत. मग ती आल्या वाटेने परत निघे आणि ते होडीकडे.

लंब्या आला त्या पहिल्या सकाळी मी बाबांचा डबा घेऊन धक्क्यावर होते. तो पाण्याच्या कडेला उभा होता, पुढे येत नव्हता. बाबांनी खिशातून बूच काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं.

"हे तुझं काम. रोज तूच लावायचं."

लंब्याने बुचाला चिंधी गुंडाळली, वाकून ते बसवलं, वरून दगडाने ठोकलं. "दादा, एकदा बघून घ्या."

"लावलंस ना?"

"लावलं."

"मग झालं. लोट होडी."

बाबा पुढे कधीही वाकून बघायला गेले नाहीत. बघायचे ते उतारू. पोस्टमन तर रोज बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने खाली वाकायचा.

"साहेब," बाबा एकदा म्हणाले, "तुमची नाडी आख्ख्या गावात नीट राहते, माझ्याच होडीत बरी सुटते."

"तुमच्या गाण्यानं सुटत असेल," पोस्टमन म्हणाला. होडीतले सगळे हसले. बाबा वल्हवताना चर्चमधली गाणी म्हणत, आणि त्यांचा सूर असा की पाण्यातले मासे दुसऱ्या काठाला जावेत. मी हसणाऱ्यांत लंब्याकडे बघितलं. त्याची मान खाली होती, पण खांदे हलत होते.

वल्हवणारे, होडी जिकडे जाते तिकडे पाठ करून बसतात, हे ज्यांनी होडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. उतारू मागच्या टोकाला, त्यांच्याकडे तोंड करून पहिला वल्हवणारा, आणि त्याच्या पाठीमागे दुसरा. ताल पहिल्याचा. दुसऱ्याने त्याच्या पाठीकडे बघत वल्हं मारायचं. बाबांनी पहिली जागा लंब्याला दिली. होडी बाबांची, आणि तालावर चालायचं लंब्याच्या. लोकांना वाटे, त्याच्यावर नजर ठेवायला मागे बसतात.

पुढे बरीच वर्षं गेल्यावर मी बाबांना विचारलं, "ती पाठ रोज बघून तुम्हाला काय वाटायचं?"

"आधी आधी वाटायचं, हेच वल्हं घालावं."

"मग?"

"मग काय. माफी दाढीसारखी आहे बघ. आज केली, उद्या सकाळी पुन्हा आहेच." ते वल्ह्याची चामडी पट्टी आवळत होते. "एक दिवस त्याच्या सदऱ्याची शिवण उसवलेली दिसली. मनात आलं, हिला सांगून दोन टाके घालून घ्यावेत. तेव्हा कळलं, गेलं ते आतलं."

"सांगितलंत आईला?"

"वेडी का खुळी तू?"

लंब्या आमच्या उंबऱ्यावर मासे ठेवून जाई. आई ते मांजरापुढे टाके. मांजर इतकं गुबगुबीत झालं की त्याला भिंत चढवेना. शंभरपटीचं वचन त्या मांजराच्या बाबतीत तरी खरं ठरलं, असं बाबा म्हणत, तेही आई विहिरीवर गेली की. वादळात छप्पर उडालं तेव्हा लंब्या न बोलावता वर चढला. आईने शिडी धरली, पण त्याच्याशी बोलली नाही. खाली उतरल्यावर तिने पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवला आणि आत गेली. ताट मात्र ती दर वेळी पुढेच देत राहिली.

मी म्हातारपणाच्या उंबऱ्यावर वाचायला शिकले. तोवर पवित्र शास्त्र म्हणजे पाळकांच्या तोंडून ऐकलेलं तेवढंच. स्वतः बोट ठेवून वाचू लागले तेव्हा ते शंभरपटीचं वचन मी आधी शोधलं. घरं मिळतील, भाऊबहिणी मिळतील, असं सगळं त्यात आहे, आणि त्याच ओळीत, त्यांच्याच पंगतीत, छळही मिळेल असं लिहिलं आहे. पाळक ते गाळत नसणार. आम्हीच गाळून ऐकत होतो. बाबांनी न गाळता ऐकलं असावं.

माझी धाकटी लेक शाळेत जाऊ लागली त्या वर्षीच्या थंडीत बाबा गेले. सकाळची खेप करून आले, वल्हं आडवं ठेवलं, तिथेच कलंडले. लंब्याने त्यांना पाठीवर घालून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी शवपेटी होडीत ठेवली. दुसऱ्या वल्ह्याला माणूस हवा होता. नावाड्याची मुलगी म्हणून मी बाबांच्या जागेवर जाऊन बसले. आई धक्क्याच्या कडेला उभी होती. तिचे गुडघे तेव्हा पार गेले होते.

"बाई, तुम्हाला बांधावरून गाडीने नेतो," पाळक म्हणाले.

"इतकी वर्षं संसार केला त्यांच्याबरोबर. आज त्यांना एका वाटेने पाठवू आणि मी दुसऱ्या वाटेने जाऊ?"

ती पुढे आली. लंब्या तळाशी वाकला होता.

"लंब्या."

तो जागच्या जागी थांबला. तिने त्याला हाक मारलेली मी तरी ऐकली नव्हती.

"बूच लावलंस का?"

धक्क्यावर कोणी हललं नाही. म्हाताऱ्या झालेल्या पोस्टमनने टोपी काढून हातात धरली.

"लावलंय, वहिनी."

होडीच्या तळातलं बूच तिच्या पुढ्यातच होतं. जरा वाकली असती तर दिसलं असतं.

"मग हात दे," आई म्हणाली.

ती मागच्या टोकाला पेटीच्या उशाशी बसली, लंब्याच्या समोरासमोर. त्याचं तोंड मला दिसत नव्हतं. मला पाठ दिसत होती, बाबांना दिसायची तीच, आता वाकलेली. मी त्या पाठीच्या तालावर वल्हं मारत होते. मधोमध आल्यावर लंब्याने वल्हं पाण्याबाहेर धरलं. बाबाही गाणं तिथेच थांबवत, अगदी कडव्याच्या मध्ये असले तरी. आईला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिने पाण्याकडे बघितलं.

"इथंच का?"

"इथंच, वहिनी."

वल्ह्यावरून थेंब पडत राहिले.

"बरं," ती म्हणाली. "चल आता. त्यांना थंडी बाधते."

पुढच्या रविवारी ताट आमच्या रांगेत आलं, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते. ताट आईकडून माझ्या हातात यायला नेहमीपेक्षा थोडा वेळ लागला.

आता तिथे पूल आहे. पूल झाला त्या उन्हाळ्यात लंब्या वारला. भाऊच्या शेजारची जागा आईने स्वतःसाठी राखून ठेवली होती, ती तिने त्याला दिली. आई वारली त्यानंतर चौथ्या वर्षी, माझ्या थोरल्या लेकीच्या लग्नानंतर. तिला पलीकडच्या रांगेत, भिंतीकडेला जागा मिळाली.