बघणारं माणूस

सतरा मेला, म्हणजे नॉर्वेच्या राष्ट्रीय दिवशी, आमच्या गावात मिरवणूक निघते, पण ती बघायला कुणी नसतं. गाव केवढं, तर जेमतेम चाळीस माणसांचं, आणि सगळीच्या सगळी मिरवणुकीत. शाळेपासून चर्चपर्यंत रिकाम्या रस्त्याला हात हलवत आम्ही जातो आणि स्वतःवर भलते खूश असतो.

यंदा बँडमधल्या ओडलाइफनं होडीच्या धक्क्यावर घसरून पुढचे दात पाडून घेतले. आता ट्रम्पेट वाजवणार कोण? जवळपास दुसरा एकच ट्रम्पेटवाला होता, तोही सीमेपलीकडचा. हॉल्गर. स्वीडिश, आणि येत्या उन्हाळ्यात माझ्याशी लग्न करणारा. बँड माझ्याकडे असतो, म्हणून मी त्याला बोलावून घेतलं.

आई भडकलीच. "स्वीडिश? आपल्या सतरा मेला? अगं तूरिड, यांच्याच राजाच्या तावडीतून सुटलो ना आपण!"

"आई, त्याला शंभर वर्षं उलटून गेली."

"म्हणून विसरायचं? तो वाजवणार असेल तर मी झेंडा धरणार नाही. आणि लग्नालाही माझी वाट बघू नकोस."

आई एकदा बोलली की बोलली. तरुणपणापासून झेंडा तिच्याच हातात असायचा. तिच्याशिवाय लग्न करायचं, हे काही मला पटेना. पण ट्रम्पेटशिवाय राष्ट्रगीत कसलं? शेवटी हॉल्गरला मी मागच्या रांगेत दडवलं आणि झेंडा ओडलाइफला दिला.

मिरवणुकीच्या दिवशी आई दुकानासमोर खुर्ची टाकून बसली होती, तोंड फुगवून. आम्ही वळणावर आलो आणि पोरांना दिसलं, रस्त्याकडेला माणूस आहे! बघणारं माणूस! मग काय विचारता. पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायला लागली. पाद्रीबाईंनी छत्री नाचवली. ढोलवाला तर चेकाळलाच. हॉल्गर लालबुंद होऊन वाजवत होता.

मी आईकडे बघायचं टाळत होते. बघितलं, तर ती रडत होती. मी बँड थांबवला.

"काय झालं गं, आई?"

"एवढी सुंदर दिसते आपली मिरवणूक?" ती नाक पुसत म्हणाली. "जन्मभर पुढं चालले मी. मला मेलं कुणी सांगितलंच नाही."

"मग येतेस?"

"वेडी की काय! मी आले तर बघणार कोण? जा, पुन्हा शाळेपासून या. आणि तूरिड, जावयांना पुढं घे. घरच्या माणसाला कुणी असं मागं उभं करतं का?"