निम्म्याचं निम्मं

दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात माझा हात धरणारा आमच्या नोएडाच्या ऑफिसात कोणी नाही, असं सगळे म्हणतात, आणि बावीस वर्षं मी ते ऐकून घेत आलो आहे. आमची कंपनी कंपायलर बनवते, म्हणजे माणसाने लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम. कोड चुकीचा असला तर कंपायलरने ओळीचा आकडा देऊन तसं सांगायचं असतं. पण एका ग्राहकाची चार हजार ओळींची सदोष फाइल वाचताना आमचा कंपायलर चूक सांगायचं सोडून स्वतःच कोसळत होता.

आधी जाहीर न केलेलं नाव कोडमध्ये वापरलं, तर ते पकडणारी एक तपासणी कंपायलरमध्ये होती. ती दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी काढून टाकली होती, आणि कोणी काय बदललं याच्या नोंदीत नाव होतं वासंतीचं. वासंती दिल्लीतच वाढलेली. तिचे वडील श्यामकांत मयूर विहारला माझ्याच सोसायटीत राहतात. ऑफिसात ती मला सर म्हणते, बाहेर काका. तिची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. त्याचा निर्णय त्याच दुपारी चारला साहेबांच्या केबिनमध्ये व्हायचा होता.

ती तपासणी मी काढली होती. माझं मशीन बंद पडलं होतं, वासंती जेवायला गेली होती आणि तिचं मशीन उघडं होतं.

सकाळी कॉफी घेताना तिने हळूच विचारलं, "काका, त्या दिवशी माझ्या सीटवर तुम्ही बसला होतात ना?"

"मी नाही," मी म्हणालो.

"अच्छा... मग माझीच मिस्टेक असेल. सॉरी हं, काका."

सॉरी ती म्हणाली! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी जागेवर येऊन कामाला लागलो.

आमची पद्धत साधी असते. फाइल निम्मी कापायची, ज्या निम्म्यात कंपायलर कोसळतो ते ठेवायचं, उरलेलं टाकायचं, मग पुन्हा निम्मं. शेवटी दोषी ओळ एकटी सापडते. पहिलं निम्मं चालवलं, कोसळला. सहज म्हणून टाकलेलं निम्मंही चालवलं, तर त्यातही कोसळला. दोन चुका असतील, असं मी स्वतःला समजावलं. पण हजार ओळींवर आलो, पाचशेंवर आलो, पन्नासांवर आलो, तरी कुठलंही निम्मं घ्यावं आणि कंपायलरने मान टाकावी, असंच चाललं होतं.

साडेतीनला एक ओळ उरली, आणि तिच्यात एकच नाव होतं: mi_nahi.

शेजारचा सहकारी माझ्या स्क्रीनवर वाकला. "ये मिनाही क्या होता है, सर?"

"कुछ नहीं," मी म्हणालो.

तो गेल्यावर मी मूळ फाइल उघडून ते नाव शोधलं. चार हजार ओळींत ते कुठेच नव्हतं.

चारला पाच मिनिटं असताना वासंती ओढणी सारखी करत केबिनकडे निघाली. जाताना माझ्याकडे बघून कसनुसं हसली. उठायचं, तिच्यामागून आत जायचं आणि दोन वाक्यं बोलायची, एवढंच माझ्या हातात होतं. मी उठलो नाही. त्याऐवजी, कापायचंच तर शेवटपर्यंत कापावं म्हणून, मी त्या नावातलं मागचं 'नाही' पुसलं, उरलेली दोन अक्षरं चालवली आणि स्क्रीनकडे बघत राहिलो.

कंपायलर कोसळला नाही. दिवसभरात पहिल्यांदा त्याने शांतपणे, ओळीच्या आकड्यासकट, चूक सांगितली. संदेश नेहमीचाच होता, मी हजारदा वाचलेला. फक्त ती तपासणी मी काढून टाकल्यावर तो यायलाच नको होता. ओळ एक: 'mi' जाहीर केलेला नाही.

केबिनचं दार लागल्याचा आवाज आला. मी घाईघाईने ती ओळही पुसली आणि कोरी फाइल चालवली.

संदेश तोच आला.